अंदाजे चार मीटर

लांब उडी म्हणजे माणसाने पृथ्वीच्या ओढीला दिलेलं सगळ्यात प्रामाणिक उत्तर आहे. हे उत्तर अर्ध्या-पाऊण सेकंदात संपतं, आणि त्यानंतर केसांतली वाळू निघायला दोन दिवस लागतात.

माझं वय शेहेचाळीस. माहेर डोंगराकडच्या रिहे गावचं, सासर कंपन्यांनी वेढलेल्या माण गावचं. माणमध्ये आमची चार मजली इमारत आहे आणि तिच्यातल्या खोल्या आम्ही कंपन्यांत काम करणाऱ्या मुलामुलींना भाड्याने देतो. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या जागी भात होतं. घरमालकीण म्हणून माझं मुख्य काम दोन प्रकारचं: पाणी सोडायची वेळ सांभाळणं, आणि जिन्यात चपला ठेवू नका असं सांगणं. उरलेल्या वेळात मी वाचते. भाडेकरू खोली सोडताना पुस्तकं मागे टाकून जातात, त्यामुळे माझ्याकडे कादंबऱ्या, कविता, इतिहास असं बरंच काही जमलं आहे. सगळ्यात जास्त आहेत ती यशस्वी कसं व्हावं हे सांगणारी पुस्तकं. ती टाकून जाणारी माणसं मी जवळून पाहिलेली आहेत, म्हणून त्या पुस्तकांवर माझा विश्वास नाही.

गेल्या हिवाळ्यात चौकात फ्लेक्स लागला: भव्य क्रीडा महोत्सव. आमच्याकडे भव्य हे विशेषण मोफत नेत्रतपासणीलाही लागतं, तेव्हा त्याचं विशेष नाही. फ्लेक्सवर वरच्या बाजूला मोठी डोकी, खाली छोटी डोकी, आणि मधोमध हवेत तरंगणारी एक परदेशी बाई. दोन्ही पाय पुढे, हात वर, तोंड उघडं. लांब उडी. तिच्या पायांखाली महिलांच्या स्पर्धांची यादी होती: लिंबू-चमचा, संगीत खुर्ची, रांगोळी. लांब उडी यादीत नव्हती.

महोत्सवाचे अध्यक्ष माझे धाकटे दीर. ते शेजारच्या घरात राहतात. मी संध्याकाळी गेले. घरात मी घरचीच भाषा बोलते. पुस्तकांची भाषा पुस्तकांपुरती.

"भावजी, फ्लेक्सवरली बाई उडी मारतीया. तिची शर्यत कुटं हाय?"

"ती व्हय? ती डिझाईनवाल्यानं टाकलीया. रिकामं दिसत हुतं मधी."

"मग शर्यत बी टाका. मी मारते उडी."

दिरांनी चहाची बशी खाली ठेवली. "वहिनी, तुमी?"

"व्हय."

"आवो, लिंबू-चमचा हाय की तुमाला. खुर्ची हाय. बसायचं नुसतं."

"घरी बसतेच की. त्याला महोत्सव कशाला?"

"वय काय तुमचं? कंबर लचकली तर भावकीत माझं नाव निघंल. आनि बाया येनार न्हाईत. नियम हाय, तीन तरी पायजेल. तीन बाया आना, लगीच ठिवतो." हा नियम त्यांनी त्या क्षणीच केला होता, पण अध्यक्षांना तेवढा अधिकार असतो.

मी दोन बोटं वर केली. एक मी. दुसरी कोण ते पुढे सांगते. तिसरी मलाही माहीत नव्हती. तेवढ्यात कपबश्या उचलायला आलेली माझी जाऊ, म्हणजे खुद्द अध्यक्षांची बायको, म्हणाली, "माझं लिवा."

"तुजं?" दीर म्हणाले. "अगं, जिना चढताना धाप लागतीया तुला."

"म्हून तर. उडी मारली की एकदाच लागंल. साडी मातुर सोडनार न्हाई, आधीच सांगते."

अशी लांब उडी यादीत आली. फ्लेक्स मात्र बदलला नाही. छपाई झालेली होती.

हा हट्ट कशासाठी, हे सांगितलं पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की चाळिशीनंतर स्वतःचा शोध वगैरे घेणारी मी बाई आहे. तसं काही नाही. माझी एक उडी मोजायची राहिलेली होती.

दहावीत असताना तालुक्याच्या शालेय स्पर्धांत मी लांब उडी मारली. अनवाणी, परकराला पिन लावून. जिल्ह्याला जायचं तर चार मीटर पाहिजेत, असं आमच्या सरांनी सांगितलं होतं. तिसरी उडी माझी मलाच कळली. काही उड्या कळतात. पाय सुटताच कळतं की आज जमीन उशिरा येणार आहे. मी वाळूतून उठले आणि टेप धरायला सर शोधले, तर सर नव्हते. प्रमुख पाहुण्यांची जीप फाटकात आली होती आणि सर हार घेऊन तिकडे धावले होते. त्यांच्या मागे टेपचं दुसरं टोक धरणारे सरही गेले. पाहुण्यांच्या फोटोसाठी खड्डा नीट दिसावा म्हणून कुणीतरी फावडं मारून वाळू सारखी केली. सर परत आले, सपाट वाळूकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि वहीत लिहिलं: अंदाजे ४ मी.

अंदाज जिल्ह्याला चालला नाही. तीन मीटर ऐंशी उडी मारलेली दुसऱ्या शाळेतली मुलगी गेली. तिची उडी मोजलेली होती. तिचा मला राग नाही. सरांचाही आता नाही. ते सत्कारमूर्ती होऊन निवृत्त झाले. राग त्या एका शब्दाचा. तीस वर्षं मी कुठेही तो वाचला, म्हणजे 'अंदाजे खर्च', 'अंदाजे उपस्थिती', तरी मला पायाखाली वाळू लागते. मी चार मीटर उडी मारली होती की नव्हती, हे जगात कुणालाच माहीत नाही आणि त्यात मीही आले. मला पदक नको होतं. टेप लावून आलेला आकडा हवा होता. कितीही येवो.

आता दुसरी बाई. तिसऱ्या मजल्यावर परभणीकडची एक मुलगी राहते. अठ्ठावीस वर्षांची, कंपनीत आहे, दिवसभर खुर्चीत बसून वैतागलेली. तिची माझी ओळख भांडणातून झाली. तिने खिडकीत बूट वाळत टाकले होते आणि त्यांच्या तळाला खिळे होते. मी म्हटलं, "बाई, हे बूट जिन्यात घालून चढू नकोस, फरशी फुटेल."

"काकू, ते जिन्यासाठी नाहीत. उडीसाठी आहेत."

ती विद्यापीठाकडून लांब उडी मारत असे. हे कळल्यापासून तिच्या चपला जिन्यात असल्या तरी मी काही बोलले नाही. फ्लेक्स लागला तेव्हा मी तिला विचारलं, शिकवशील का. तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. आमच्याकडे नवीन खोली बघायला आलेला माणूस भिंतीची ओल बघतो, तसं.

"गुडघे?"

"आहेत दोन्ही."

"रविवारी सकाळी. पण काकू, तिथे तुम्ही घरमालकीण नाही. मी सांगेन ते करायचं."

"पाण्याची वेळ मात्र बदलणार नाही," मी म्हटलं. व्यवहार ठरला.

माणमध्ये पळायला जागा नाही. मोकळी दिसते ती सगळी कुणाच्या तरी प्रकल्पाची असते आणि तिला राखणदार असतो. म्हणून आम्ही स्कूटरवर रिह्याला जायचो, भावाच्या खाचरात. भात निघालेलं, जमीन वाळून टणक. भावाने एका कडेची धसकटं काढून धावायला पट्टा करून दिला आणि पुढे पेंढा पसरून त्यावर भाताचं तूस ओतलं. वाळू मागितली तर तो म्हणाला, "वाळू समदी तुमच्या माणला गेली, आक्का. हितं तूसच हाय." उडीसाठी जुन्या दाराची फळी जमिनीत सपाट पुरली आणि ठळक दिसावी म्हणून मुलीने तिला चुना लावला.

मला वाटलं होतं, पहिल्या दिवशी उडी मारू. पहिले दोन रविवार मी उडीच मारली नाही. ती म्हणाली, उडी धावण्यात असते, हवेत फक्त तिचा निकाल लागतो. फळीवर उभं राहायचं, पाठ खड्ड्याकडे करायची, आणि उलट्या दिशेला धावायचं. अकरा पावलं. अकरावं पाऊल जिथे पडेल तिथे ती खूण करायची. मग तिथून फळीकडे. पुन्हा. पुन्हा. प्रत्येक वेळी पहिलं पाऊल तेवढंच, वेग तसाच चढता. "काकू, पावलं लहान-मोठी करून फळी गाठायची नाही. धाव एकसारखी झाली की फळी आपोआप पायाखाली येते. फळीकडे बघायचंच नाही. समोर बघा."

"समोर काय आहे?"

"डोंगर आहे ना एवढा मोठा."

तिसऱ्या रविवारी शेवटची दोन पावलं शिकवली. शेवटून दुसरं पाऊल थोडं लांब टाकायचं, त्याने कंबर जराशी खाली बसते. शेवटचं आखूड, भरभर, पूर्ण तळवा टेकून. टाच आपटायची नाही, चवड्यावर जायचं नाही. आणि पाय टेकताच दुसरा गुडघा जोरात वर, जणू कुणी खालून ओढलंय. जिना चढताना दोन पायऱ्या एकदम घेतो तसं, ती म्हणाली. आमच्या घराला अठ्ठेचाळीस पायऱ्या आहेत, तेव्हा उपमा कळली. आठवडाभर मी जिन्यात गुडघे उचलत होते. दुसऱ्या मजल्यावरच्या दोघांनी मला वाट दिली आणि काही विचारलं नाही.

सगळं जमत होतं, एक सोडून. माझा पाय फळीवर पडत नव्हता. दर वेळी फळीच्या फूटभर अलीकडे. उडीची लांबी फळीच्या पुढच्या कडेपासून मोजतात, म्हणजे मी दर वेळी एक फूट जमीन फुकट देत होते. मुलीने माझी सुरुवातीची खूण फूटभर पुढे सरकवली. पाय फूटभर अलीकडेच. अजून फूटभर सरकवली. तरी तेच, शेवटची पावलं माझी मीच चोरत होते. तिने मोबाईलवर चित्रण करून मला दाखवलं. दहाव्या पावलाला मान खाली जायची, डोळे फळीवर, आणि पाय आखडायचा.

"काकू, तुम्ही फळीला घाबरता का?"

"फळीला काय घाबरायचंय?"

मग तिने फळीवर घरातलं पायपुसणं अंथरलं. तिचं म्हणणं, ज्याच्यावर आपण विचार न करता पाय ठेवतो अशी वस्तू तिथे असावी. युक्ती बिनतोड होती. मी धावत आले, पाय नेमका पायपुसण्यावर पडला, आणि पडल्याबरोबर सवयीने पुसला गेला. मी तुसात तोंडावर गेले. तूस लई खाजतं. मानेतून, ब्लाऊजमधून, कानातून. भाऊ बांधावर बसून दात घासत होता, तो हसून हसून घाटात ऐकू जाईल इतका खोकला.

हसून झाल्यावर तो म्हणाला, "ती न्हाई पाय द्यायची त्याच्यावर. आमच्यातलं कोनच देनार न्हाई."

"कशावर?" मुलीने विचारलं.

"अगं पोरी, चुना लावलेली पांढरी कड, खाचराच्या टोकाला. ती फळी दिसतीया तुला. तिला बांध दिसतोय."

मला हे ऐकून खाली बसावंसं वाटलं, आणि मी बसलेही.

लावणीच्या आधी खाचराचा बांध चिखलाने लिंपतात. लिंपण ताजं असताना कडेला पाय पडला तर भेग जाते, भेगेतून पाणी जातं, आणि पाणी गेलं की भात गेलं. आमच्याकडे पोर चालायला लागलं की आधी हे शिकतं. बांधाच्या मधोमध चालायचं, ताजा असला तर ओलांडायचा, कडेला पाय लावायचा नाही. मला आमच्या वडिलांचा आवाज आठवतो तो याच एका वाक्यात: "पाय काढ!" अभ्यास कर, मोठी हो असलं ते कधी म्हणाले नाहीत. पाय काढ एवढंच. मी धावत यायचे आणि दहाव्या पावलाला ते वाक्य पायाला ऐकू यायचं, मला नाही. शाळेतही असंच होत असणार. चार मीटर नसतीलच ते कदाचित. किंवा फूटभर जास्तच. कोण सांगणार.

मुलीने वाकून फळीकडे पुन्हा बघितलं. तिच्या शिकण्यात बांध नव्हता. परभणीकडे वेगळं पीक.

भावाने चूळ भरली, उठला, मला हाताला धरून खाचराच्या खालच्या बाजूला नेलं. तिथला बांध त्याने पावसाळ्यात स्वतः लिंपलेला होता. कडा अजून तशाच होत्या, सुरीने कापल्यासारख्या.

"तुडव," तो म्हणाला.

"येडा का तू?"

"तुडव म्हनतोय. मी परत लिंपीन. आक्का, तिकडं तुज्या सासरच्यांनी बांधासाठी चुलतभावाशी बारा वर्सं बोलनं टाकलं, आनि आता त्या बांधावर मोटारसायकली लावत्यात. त्यांना कोनी पाय काढ म्हनलं न्हाई. तुज्या एकटीच्याच पायाला का नियम?"

हा माझा धाकटा भाऊ. त्याला मी एवढं लांब बोलताना त्याच्या लग्नातही ऐकलं नव्हतं.

मी एक पाय ठेवला. कड हलली नाही. दुसरा आपटला, तेव्हा ढेकळाचा तुकडा सुटून खाली पडला. मग मी त्या बांधाच्या कडेने टोकापर्यंत गेले, टाचा मारत, आणि तशीच परत आले. शेजारच्या खाचरात एक म्हातारे गृहस्थ गुरं घेऊन चालले होते. ते थांबले आणि भावाला म्हणाले, "काय रं, भांडान झालं का बहीन-भावाचं?"

"न्हाई तात्या. उडीची तयारी हाय."

म्हाताऱ्यांनी मान हलवली आणि गुरं घेऊन गेले. रिह्यात लोक फार प्रश्न विचारत नाहीत; डोंगरापलीकडे गेलेल्या मुली परत येऊन काय करतील याचा भरवसा नाही, हे त्यांनी मान्य केलेलं आहे.

त्यानंतर मी खुणेवर गेले. डोंगराकडे बघितलं. अकरा पावलं. पाय फळीवर पडला, आवाज आला, लाकडाचा. तसा आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. तुसात पडले ती कुठे पडले ते कळलं नाही, कारण तुसात खूण राहत नाही. सगळं परत मिटतं. मुलगी टेप घेऊन शोधत राहिली आणि शेवटी म्हणाली, "काकू, चांगली होती. अंदाजे..."

"तो शब्द नको," मी म्हटलं.

उरलेले रविवार पडण्यात गेले. पडण्याचंही शास्त्र आहे. पाय पुढे फेकायचे, हात वरून पुढे आणायचे, टाचा टेकल्या की गुडघे मऊ सोडायचे आणि कंबर टाचांच्या पुढे काढायची. मी मात्र बसताना मागे हात टेकायचे, जमिनीवर बसणारी सगळी माणसं टेकतात तशी. मुलगी ओरडायची, "हात! मोजतात ते सगळ्यात मागच्या खुणेपासून." म्हणजे पाय कितीही पुढे गेलेले असोत, हिशेब धरतात तो मागे टेकलेल्या हाताचा. हे ऐकून मला नवल वाटलं नाही. आमच्या भावकीतही हीच पद्धत आहे.

महोत्सवाचा दिवस. शाळेचं मैदान, मंडप, ध्वनिवर्धक. खड्ड्यात खरी वाळू होती, कुठल्याशा इमारतीच्या कामावरून आलेली. तिच्यात सिमेंटच्या गाठीही होत्या. फळी नव्हती, फक्कीची पांढरी रेघ होती. पांढरी रेघ पाहून माझ्या पायाला काहीतरी आठवलं. मी त्याला गप्प बसवलं.

महिलांची लांब उडी "मान्यवरांच्या आगमनापूर्वी उरकून घ्यायची" होती. तसं ध्वनिवर्धकावरूनच सांगितलं गेलं. टेपवर शाळेतले एक शिक्षक आणि अध्यक्ष स्वतः. प्रत्येकीला तीन उड्या. मुलगी पहिली गेली आणि पावणेपाच मीटरच्या पुढे पडली, तेव्हा लिंबू-चमच्याच्या रांगेतल्या बायकांची दोन-तीन लिंबं खाली पडली. मग जाऊबाई. पदर खोचला, निऱ्या धरल्या, रेघेपर्यंत चालत गेली, रेघेवर थांबली आणि तिथून उडी मारली. एक मीटर वीस. वाळूत बसून इतकी हसली की तिला उठवायला दोघी लागल्या. "मोजा, मोजा," ती नवऱ्याला म्हणत होती. "घरी सांगायला लागंल."

माझी पहिली उडी: पाय रेघेच्या फूटभर अलीकडे, हात मागे. तीन मीटर दोन. दुसरी: पाय रेघेच्या पुढे, बाद. शिक्षकांनी लाल रुमाल दाखवला, लोक चुकचुकले, आणि मुलगी टाळ्या वाजवत नाचली. तिला एकटीला कळलं की माझा पाय पहिल्यांदा पुढे चुकला होता.

तिसरी. खुणेवर उभी राहिले. शाळेच्या छपरामागे डोंगर दिसत नाही, क्रेन दिसते. क्रेनकडे बघितलं. अकरा. कंबर बसली, तळवा पूर्ण पडला, गुडघा वर गेला, आणि मला कळलं. तीस वर्षांनी पुन्हा तेच: जमीन उशिरा येणार आहे. टाचा वाळूत गेल्या, हात पुढे, कंबर पुढे, मी पुढच्या बाजूने बाहेर पडले. वळून पाहिलं. दोन टाचांच्या खुणा, स्वच्छ, आणि त्यांच्या मागे सपाट वाळू.

आणि फाटकात गाड्या आल्या. फटाक्यांची माळ लागली, ढोल सुरू झाला. शिक्षकांनी टेप सोडली. दीर फेटा सावरत मंडपाकडे निघाले, टेपची चकती हातातच. फावडेवाला खड्ड्याकडे आला, कारण पाहुण्यांचा फोटो इथेच व्हायचा होता.

मी खड्ड्यात शिरले आणि माझ्या खुणांच्या पुढ्यात उकिडवी बसले.

"काकू, सरका, वाळू सारखी करायचीय," फावडेवाला म्हणाला.

"मोजल्यावर कर."

तो ध्वनिवर्धकाकडे बघायला लागला. थोड्या वेळाने ध्वनिवर्धकावरून अध्यक्षांचा आवाज आला: "लांब उडीच्या खड्ड्यातील महिला स्पर्धकांना नम्र विनंती करण्यात येते की, सन्माननीय पाहुण्यांचे आगमन झालेले असून, त्यांनी कृपया खड्डा मोकळा करून सहकार्य करावे." थोडी खरखर. "वहिनी, उठा की! समदी बघत्यात!"

सगळे बघत होतेच. मी हलले नाही. पाहुणे, हार, ढोल आणि मागचा घोळका असे सगळे खड्ड्याच्या दिशेने आले. पुढच्या एकाचा पांढरा बूट वाळूच्या कडेवर पडला, माझ्या खुणेपासून हातभर.

"पाय काढ!" मी ओरडले.

आवाज माझा नव्हता. तो बूट मात्र लगेच मागे गेला, आणि त्याच्यामागचे आणखी सात-आठ बूटही. ढोल थांबला.

पाहुणे वाकून म्हणाले, "काय झालं ताई? लागलं का कुठे?"

"नाही. मोजायचं राहिलंय."

ते गळ्यात हार घालून तसेच उभे राहिले. कुणालाच पुढे काय करायचं ते माहीत नव्हतं. कार्यक्रमपत्रिकेत हे नव्हतं. तेव्हा जाऊबाई गर्दीतून आली, नवऱ्याच्या हातातून टेपची चकती काढून घेतली, शिक्षकांना म्हणाली, "तुमी रेघंवर धरा गुरुजी," आणि निऱ्या सावरून माझ्या टाचेच्या खुणेशी टेप लावली.

शिक्षक वाकले, चष्मा वर केला. "तीन चौसष्ट." मग त्यांनी पाहुण्यांकडे पाहिलं आणि दिलदारपणे म्हणाले, "पासष्ट धरू या."

"धरू नका," मी म्हटलं. "चौसष्ट लिहा."

तीन मीटर चौसष्ट सेंटिमीटर. अंदाजे चारपेक्षा कमी, आणि जिल्ह्याला गेलेल्या त्या मुलीच्या तीन ऐंशीपेक्षाही कमी. पण ती माझी होती, टेप लावलेली, चार-पाचशे माणसांसमोर. मी उठले, गुडघे झटकले आणि फावडेवाल्याला म्हटलं, "आता कर काय करायचंय ते." मुलीने मला मिठी मारली, मग लगेच म्हणाली, रेघेजवळ पाय थोडा मागे खेचला होता तुम्ही, पुढच्या वेळी चार होतील. तिला दुसऱ्या दिवसापासून पाणी अर्धा तास जास्त सोडलं.

बक्षीस समारंभात माझा दुसरा क्रमांक आला. लांब उडी यादीत उशिरा आल्यामुळे तिची प्रमाणपत्रं छापलेली नव्हती, जी होती तीच वापरली. आकडा लिहिल्याशिवाय मी व्यासपीठावरून उतरणार नाही, असं मी दिरांना सांगितलं, आणि त्यांनी तो स्वतःच्या हाताने लिहून दिला. ते प्रमाणपत्र आता आमच्या जिन्यात फ्रेम करून लावलेलं आहे. त्यावर माझ्या नावाखाली लिहिलंय: लिंबू-चमचा, द्वितीय क्रमांक, ३.६४ मीटर.